नव्या करारात तक्रार निवारणाचं कलम कसं असावं? (वेर्णा)

वेर्णा_बी_शिफ्ट

नमस्कार मंडळी. गोव्यात वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत कामाला आहे, युनियनच्या कमिटीवर नुकताच आलोय. आमचा करार संपत आलाय आणि नवीन मागणीपत्र तयार होतंय. बेसिक, डीए, शिफ्ट अलाउन्स, बसची सोय, कॅन्टीनचे दर यांवर रोज डोकेफोड चालते. तक्रार निवारणाच्या कलमावर मात्र कोणी तोंड उघडत नाही. जुन्या करारात ते दीड ओळीचं आहे: कामगारांच्या वैयक्तिक तक्रारी व्यवस्थापन व युनियन परस्पर सामंजस्याने सोडवतील. संपलं.

हा विषय का निघाला ते सांगतो. पॅकिंगमधला आमचा एक जण सेकंड शिफ्ट संपल्यावर रिलीव्हर आला नाही म्हणून मशीनवर थांबला, पहाटेपर्यंत. पंचिंगमध्ये वेळ आहे. पण ओटीच्या (ओव्हरटाइमच्या) स्लिपवर सही करायला शिफ्ट इनचार्ज जागेवर नव्हता, तो अकराच्या बसने घरी गेलेला. पगारात ओटी नाही. याने इनचार्जला सांगितलं, तो म्हणाला ‘बघतो’. एचआरमध्ये गेला तर ‘स्लिप आण’. मध्येच इनचार्जची बदली झाली, नवा म्हणतो ‘हे माझ्या वेळचं नाही, बाबा’. मे महिन्यातली गोष्ट ही. चवथ (गणेशचतुर्थी) आली आणि गेली. रक्कम काही हजारांत पण नाही, पण तो आता कंपनीपेक्षा युनियनला जास्त शिव्या घालतो, आणि त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

ज्यांच्या करारात हे कलम धड आहे त्यांनी सांगावं, त्यात नक्की काय घालायचं?


खाणीवरचा_काका

बाबा, तुझ्या दीड ओळीत पायऱ्या नाहीत, मुदत नाही आणि मुदत चुकली तर काय होणार तेही नाही. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक करारांत सापडतील. तिसरी क्वचित असते, आणि सगळा जीव त्या तिसरीत आहे.

पायऱ्या नव्याने शोधून काढायची गरज नाही. १९५८ साली भारतीय श्रम परिषदेतून शिस्तसंहिता आली, तिच्याबरोबर नमुना तक्रार पद्धतही आली. आमच्या वेळचे सगळे करार तिच्यावरूनच उतरवलेले. कामगाराने आधी नेमून दिलेल्या अधिकाऱ्याला तोंडी सांगायचं, त्याने ४८ तासांत उत्तर द्यायचं. पटलं नाही तर खातेप्रमुख, ३ दिवस. मग तक्रार समिती, तिने ७ दिवसांत शिफारस करायची, त्यावर व्यवस्थापनाने ३ दिवसांत निर्णय कळवायचा. तरी समाधान नाही तर वर अपील, आठवडाभरात उत्तर. त्याही पुढे गेलं तर दोघांनी मिळून लवादाकडे. कागदावर बघितलं तर महिन्याभरात निकाल.

प्रत्यक्षात काय व्हायचं? खातेप्रमुख उत्तरच द्यायचा नाही. नाही म्हणाला तर माणूस वर जाईल, हो म्हणाला तर साहेब विचारेल. त्यापेक्षा गप्प बसणं बरं. आणि उत्तर नाही म्हणजे पायरी संपलेली नाही, म्हणून वरची पायरी चढता येत नाही. एकाची बढतीची तक्रार दुसऱ्या पायरीवर अशी अडकली की तो रिटायर झाला.

म्हणून कलमात सरळ लिहायचं की ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर आलं नाही तर तक्रार नाकारली असं धरून ती त्याच दिवसापासून पुढच्या पायरीवर गेली असं मानलं जाईल. एवढं एक वाक्य मिळवा. त्यासाठी शिफ्ट अलाउन्समध्ये पाच-दहा रुपये सोडावे लागले तरी सोडा.


डिचोलीकर७६

काका, पाच-दहा रुपये सोडा म्हणणं सोपं आहे. जनरल बॉडीत उभं राहून सांगून बघा, खुर्च्या येतील अंगावर. 😄


एचआरमधला_एक

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो, तेव्हा जरा शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

काकांचं वाक्य योग्य आहे. मी आमच्या करारात ते मान्य करून घेतलंय, कारण त्यामुळे खालचे अधिकारी फाइल दाबून बसत नाहीत आणि प्रकरण गेटवर यायच्या आधी मला कळतं. पण ४८ तास आज कुठल्या जगात? आमचं पगाराचं काम बाहेरची एजन्सी बघते, ती दुसऱ्या राज्यात. हजेरी दुरुस्त करायची तर महिन्यातून एक खिडकी उघडते. शिफ्ट इनचार्जला ४८ तास द्या नाहीतर ४८ दिवस द्या, त्याच्या हातात एक रुपया मंजूर करायचा अधिकार नाही. तो ‘बघतो’ म्हणतो कारण त्याला दुसरं काही म्हणताच येत नाही.

तेव्हा मुदतीआधी अधिकार मागा. पहिल्या पायरीवरच्या माणसाला हजेरीची दुरुस्ती, ओटीची नोंद, रजेचा हिशोब, गणवेश, बूट एवढं जागेवर मिटवता आलं पाहिजे असं कलमात घाला. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींतल्या बहुतेक याच असतात.

आणि युनियनवाल्यांनीही जरा ऐकावं. तक्रार येते ती अशी: ‘डिपार्टमेंटमध्ये अन्याय चालला आहे, त्वरित दखल घ्यावी.’ कोणावर, कधी, कुठल्या मशीनवर, करारातल्या कुठल्या कलमाचा भंग, काय हवं, काहीच नाही. खाली वीस सह्या. याला मी काय उत्तर देऊ?


वेर्णा_बी_शिफ्ट

एचआरभाऊ, वीस सह्या का असतात ते तुम्हाला माहीत आहे. एकाने केली तर तोच एक दिसतो ना.


खाणीवरचा_काका

हे बरोबर बोललास. पण वीस सह्या केल्या की ती तक्रार राहत नाही, मागणी होते, आणि मग ती पुढच्या कराराच्या पोत्यात जाऊन पडते. हा फरक कमिटीवरच्या नव्या पोरांना शिकवायला हवा. करारात, स्थायी आदेशात (म्हणजे कारखान्याच्या मंजूर नियमावलीत) किंवा कायद्यात जे आहे ते मला मिळालं नाही, ही तक्रार. जे कुठेच नाही ते हवं, ही मागणी. तुझ्या पॅकिंगवाल्याची स्वच्छ तक्रार आहे. जादा काम केलं, दुप्पट दराने पैसे कायद्यातच आहेत, पंचिंग साक्षीला आहे. स्लिपवर सही घेणं हे त्याचं काम नव्हेच.

खाणी बंद पडल्या, आधी २०१२ ला आणि मग २०१८ ला, तेव्हा आमचे लोक करार हातात घेऊन विचारायचे, यातलं कुठलं कलम लावायचं? कुठलंच नाही. धंदाच थांबला की तक्रारीचं कलम काही करू शकत नाही. त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवा जेवढी त्याची ताकद आहे.


पाटोवरून

कामगार कायद्याची प्रॅक्टिस करतो, पणजीला कामगार खात्याच्या श्रमशक्ती भवनात फेऱ्या असतात. इथे अजून कोणी नव्या कायद्याचं नाव काढलेलं नाही म्हणून लिहितो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने कलम ९सी आलं होतं: २० किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती, जास्तीत जास्त सहा सदस्य. संहितेच्या कलम ४ मध्ये हीच समिती जरा मोठी झाली आहे. २० कामगारांची अट तीच. सदस्य दहापर्यंत, दोन्ही बाजूंचे सारखे. अध्यक्षपद एक वर्ष मालकाच्या बाजूला, एक वर्ष कामगारांच्या. स्त्रिया ज्या प्रमाणात कामावर आहेत त्या प्रमाणात समितीवर हव्यात. तक्रारीचं कारण घडल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा आणि समितीने ३० दिवसांत काम संपवायचं.

निर्णय बहुमताने होतो, पण कामगारांच्या प्रतिनिधींपैकी अर्ध्याहून जास्त लोक त्याला राजी असले पाहिजेत. नसतील तर निर्णय झालाच नाही असं धरतात. म्हणजे व्यवस्थापनाने कामगारांच्या बाजूचा एखादा फोडून बहुमत दाखवलं तर ते चालत नाही. हे कलम लिहिणाऱ्याने कुठल्यातरी फॅक्टरीत दिवस काढले असावेत.

समितीच्या निर्णयाने समाधान झालं नाही, किंवा ३० दिवसांत काहीच झालं नाही, तर कामगार ६० दिवसांच्या आत आपल्या युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे वाद मिटवायला सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाऊ शकतो. म्हणजे काका म्हणतात ते आपोआप पुढे जाणं शेवटच्या पायरीपुरतं कायद्यातच आलंय. खालच्या पायऱ्यांसाठी मात्र ते करारातच लिहावं लागेल.

आता वेर्णा_बी_शिफ्ट, तुमच्या माणसाचं वर्ष मे महिन्यापासून मोजलं जातंय. करार होईपर्यंत थांबू नका. उद्याच्या उद्या समितीच्या नावाने लेखी अर्ज टाका. समिती नसेल तर तीच तुमची पहिली तक्रार.


वेर्णा_बी_शिफ्ट

समिती आहे म्हणे. नोटीस बोर्डवर यादी आहे, त्यातले दोघे कंपनी सोडून गेलेत. धन्यवाद साहेब, अर्ज टाकतो. एक शंका. आमच्याकडे ऑपरेटरलासुद्धा ऑफिसर म्हणतात. मागे एकाला सांगितलं, ‘तू ऑफिसर आहेस, करार तुला लागू नाही.’


पाटोवरून

हा औषध कंपन्यांतला जुना खेळ आहे. पदाचं नाव काय ते बघत नाहीत, काम काय करतो ते बघतात. देखरेखीचं काम असेल आणि पगार १८,००० रुपयांच्या वर असेल तर तो संहितेखाली कामगार नाही. पण हाताखाली कोणी नाही, रजा मंजूर करायचा अधिकार नाही, दिवसभर टॅब्लेटच्या मशीनपुढे उभा आहे, तर त्याला कितीही चांगलं नाव द्या, तो कामगारच. करारात कलम कोणाला लागू हे लिहिताना पदांची नावं लिहू नका, कामं लिहा.

अजून एक. करार परस्पर सही करून मोकळे होऊ नका. दोन पक्षांनी आपापसात केलेला करार फक्त त्या पक्षांना बांधतो. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार त्या कारखान्यातल्या सगळ्यांना बांधतो, युनियनचा सभासद नसलेल्याला आणि उद्या कामाला लागणाऱ्यालाही. तक्रारीच्या कलमाला हा फरक फार पडतो.


होंडा_कंत्राटी

वाचतोय सगळं. करार, समिती, समेट. छान. मी एका कारखान्यात आठ वर्षं आहे, ठेकेदार तीनदा बदलला, मी तोच, मशीन तेच. माझं नाव कुठल्याच करारात नाही. ठेकेदाराचं ऑफिस म्हणजे एका दुकानाच्या मागची खोली, बंदच असते. मी कोणाकडे जाऊ? युनियनवाले म्हणतात ‘तुम्ही आमच्यात येत नाही’.


डिचोलीकर७६

धाग्यातला सगळ्यात खरा प्रश्न हाच आहे आणि यावर सगळे गप्प बसणार.


पाटोवरून

गप्प बसत नाही. पगाराचं बोलायचं तर ठेकेदाराने दिला नाही तर मूळ मालकाला, म्हणजे ज्याच्या कारखान्यात तुम्ही राबता त्याला, द्यावा लागतो, ही जबाबदारी १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे. त्यामुळे पगार, ओटी, कपात यांचा अर्ज ठेकेदाराच्या नावाने लिहा आणि प्रत मूळ मालकाच्या फॅक्टरी मॅनेजरला द्या, पोच घ्या. ठेकेदाराकडे २० माणसं असतील तर समितीचं बंधन त्यालाही आहे. बाकी युनियनने कंत्राटी लोकांना सभासद करून घ्यायला कायदा आडवा येत नाही. आडवं काय येतं ते त्यांनाच विचारा.


खाणीवरचा_काका

वेर्ण्याच्या पोरा, हेही मागणीपत्रात घालून बघ: कारखान्याच्या आवारात काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराची सुरक्षा, कॅन्टीन, बस आणि वेतनाबद्दलची तक्रार पहिल्या पायरीवर कंपनीचा अधिकारी घेईल. कंपनी उड्या मारेल, म्हणेल असं लिहिलं तर उद्या ते आमचेच कामगार ठरतील. सुरक्षेपुरतं तरी मान्य होतं. तेवढ्याने खिडकी किलकिली होते.


तारवटी_केपे

आमच्या तारवटींचं, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांचं, सांगतो, कारण ऐकून मजा वाटेल. जमिनीवर ज्याच्यासाठी तुम्ही भांडताय ते जहाजावर आम्हाला छापील मिळतं. सागरी कामगार करार, २००६ म्हणून आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यात जहाजावरच तक्रार करण्याची पद्धत असलीच पाहिजे असं बंधन आहे. नोकरीच्या कराराबरोबर त्या पद्धतीची प्रत हातात द्यायची. तक्रार शक्यतो खालच्या पातळीवर मिटवायची, पण पाहिजे तर थेट कॅप्टनकडे जायचा हक्क आहे. बरोबर आपला माणूस न्यायचा हक्क आहे. तक्रार केली म्हणून त्रास द्यायला मनाई आहे. आणि जहाज बंदरात लागलं की तिथल्या अधिकाऱ्यांकडेही जाता येतं.

आता प्रत्यक्षात. मी क्रूझवर लॉन्ड्रीत होतो. आमच्या मेसच्या दरवाजाजवळ तो कागद फ्रेम करून लावलेला, त्यावर कामगारांनी आपापल्या गावच्या फुटबॉल टीमचे स्टिकर चिकटवलेले. एकालाही तो वाचताना मी बघितलं नाही. कारण आमची नोकरी काही महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टची. तक्रार केली तर जहाजावर कोणी काही बोलत नाही, उलट गोड बोलतात. घरी आल्यावर पुढचं बोलावणं येत नाही, एवढंच. एजंटला फोन केला की म्हणतो, सध्या व्हेकन्सी नाही. सिद्ध करा बघू काय करता ते.


एचआरमधला_एक

तारवटीभाऊंनी नेमक्या जागी बोट ठेवलं. सूड कधीच सूड म्हणून येत नाही. शिफ्ट बदलते, ओटी मिळणं बंद होतं, इन्क्रिमेंटमध्ये एक खाच कमी पडते. आमच्या करारात आम्ही असं घातलंय की तक्रार दिल्यापासून सहा महिन्यांत त्या कामगाराची बदली, शिफ्टबदल किंवा शिस्तभंगाची कारवाई करायची असेल तर कारण लेखी द्यायचं आणि प्रत युनियनला द्यायची. थांबत नाही काही, पण कारण लिहावं लागलं की अर्ध्या साहेबांचा हात आखडतो.


न्यूजर्सी_म्हापसेकर

मूळ म्हापशाची, इथे अमेरिकेत हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, युनियनची स्टुअर्ड (कामाच्या जागेवरची प्रतिनिधी) म्हणून काम करते. इथला अनुभव तिकडे जसाच्या तसा लागू नाही, पण दोन-तीन गोष्टी सांगते.

इथे करारात शेवटची पायरी लवादाची असते, त्याचा निर्णय दोघांना बांधतो, खर्च बहुतेक वेळा अर्धा-अर्धा. त्यामुळे प्रत्येक तक्रार शेवटपर्यंत नेत नाहीत, कुठली न्यायची ते युनियन ठरवते. इथे खरी भांडणं होतात. युनियनने एखाद्याची बाजू मनमानीने किंवा आकसाने सोडून दिली तर तो युनियनवरच कोर्टात जाऊ शकतो, हे इथल्या सुप्रीम कोर्टाच्या १९६७ च्या निकालापासून आहे. तुमच्या कमिटीने प्रकरण पुढे न्यायचं नाही असं ठरवलं तर ते कारणासह लिहून ठेवा.

दुसरं, १९७५ च्या एका निकालाने इथे हक्क आहे की ज्या चौकशीतून शिक्षा होऊ शकेल असं वाटतं, त्यात कामगार युनियनचा माणूस मागू शकतो. पण मागावा लागतो, आपोआप मिळत नाही. आमच्या लोकांना आम्ही ते वाक्य कार्डावर छापून खिशात देतो.

आणि साहेबाचा हुकूम करारात बसत नाही असं वाटलं तरी काम आधी करायचं, तक्रार नंतर. जिवाला धोका असेल तरच अपवाद. काम नाकारलं की तक्रार बाजूला राहते आणि आज्ञाभंगाची केस उभी राहते.


खाणीवरचा_काका

ताई, ते १९५८ च्या नमुन्यातही आहे. हुकुमावरून तक्रार असेल तर आधी हुकूम पाळायचा. आणि बडतर्फीचं प्रकरण या पायऱ्यांवरून जातच नाही, त्याला वेगळा रस्ता, थेट अपील. पोरा, हे दोन रस्ते कलमात वेगळे ठेव, नाहीतर चार्जशीट मिळालेला माणूस शिफ्ट इनचार्जकडे न्याय मागत बसेल.


पाटोवरून

आणि तिसरा रस्ताही. लैंगिक छळाची तक्रार या समितीकडे आणायची नाही. ती २०१३ च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडे, तीन महिन्यांत. कमिटीतले काही शहाणे ‘आपसात मिटवू’ म्हणतात. मिटवायला जाऊ नका.


वेर्णा_बी_शिफ्ट

सगळ्यांचे आभार. रात्री बसून कच्चा मसुदा केला. चुका काढा:

‘करार, स्थायी आदेश किंवा लागू कायदा यांच्या भंगाबद्दल कोणाही कामगाराची तक्रार ही या कलमाखालील तक्रार होय. पहिली पायरी: विभागाचा नेमलेला अधिकारी, त्यास हजेरी, ओटी, रजा व गणवेश यांबाबत जागेवर निर्णय देण्याचा अधिकार राहील, मुदत ३ कामाचे दिवस. दुसरी पायरी: खातेप्रमुख व एचआर, युनियन प्रतिनिधीच्या उपस्थितीत, मुदत ७ दिवस. तिसरी पायरी: तक्रार निवारण समिती, कायद्याच्या मुदतीत. कोणत्याही पायरीवर मुदतीत लेखी उत्तर न आल्यास तक्रार नाकारली असे समजून ती पुढील पायरीवर गेली असे मानले जाईल. प्रत्येक अर्जाची तारखेसह पोच तत्काळ दिली जाईल.’

सूडाबद्दलचं सहा महिन्यांचं वाक्य याच्यानंतर घेतलंय. कंत्राटींचं सुरक्षेपुरतं घातलंय, होंडाभाऊ, बघू टिकतं का. बडतर्फीचा रस्ता वेगळा ठेवलाय.


एचआरमधला_एक

चांगला आहे. पोच कोण देणार ते लिहा. आमच्याकडे एकदा यावरूनच महिना गेला, टाइम ऑफिस म्हणे एचआर देईल, एचआर म्हणे टाइम ऑफिस. आणि नाइट शिफ्टला एचआर बंद असतं.


डिचोलीकर७६

गेटवर सिक्युरिटीचं इनवर्ड रजिस्टर चोवीस तास चालू असतं. तिथे शिक्का मारून द्यायचा असं घाला. सिक्युरिटीवाल्याला ‘बघतो’ म्हणायची सवय नसते.


न्यूजर्सी_म्हापसेकर

युनियन प्रतिनिधीचा वेळ कुठे आहे? दुसऱ्या पायरीच्या बैठकीला तो ड्यूटीवर असताना गेला तर पगार कापणार का? हे नाही लिहिलं तर तुमचा प्रतिनिधी पहिल्या दोन बैठकांना येईल, तिसरीला येणार नाही.


वेर्णा_बी_शिफ्ट

हे सुटलं होतं. ‘बैठकीचा वेळ कामाचा वेळ धरला जाईल’ असं घालतो. शिक्क्याचंही घातलं. रविवारी फोंड्याला कमिटी बसतेय, तिथे ठेवतो. पॅकिंगवाल्याचा अर्ज काल दिला, दोन प्रती. एचआरच्या पोराने घेतला आणि म्हणाला, सही उद्या करतो.


पाटोवरून

उद्या नको. आजच स्पीड पोस्टाने दुसरी प्रत पाठवा.